देवरियातालला दोन सकाळी द्या

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, देवरियाताल सोपा आहे म्हणतात. एका दिवसात उरकेल ना?" तेव्हा घरात माणसं होती, म्हणून मी नुसतं हो-हो केलं. आता निवांत लिहिते. सोपा आहे, हे खरं. सारी गावातून तलावापर्यंत जेमतेम अडीच-तीन किलोमीटरची वाट, तीही दगड बसवलेली. चढ साधारण चारशे मीटरचा, म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड चढतो त्याहून कमीच. दादाचे गुडघे, वहिनीचं गाडी लागणं, तुझ्या लेकीची भुणभुण, सगळं धरूनही जमेल. फक्त 'उरकेल' हा शब्द मनातून काढून टाक.

मी स्वतः एकदा तो तलाव उरकून आले आहे. एका सहल मंडळाबरोबर गेले होते. सकाळी दुसरंच ठिकाण, मग जेवण, मग 'वाटेवरच आहे' म्हणून देवरियाताल. वर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. समोर एक हिरवट तळं, भोवती झाडं आणि वर ढगांची करडी भिंत. बरोबरची एक बाई म्हणाली, असलं तळं आमच्या गावालाही आहे. पाऊण तासात आम्ही खाली उतरायला लागलो. ज्याच्यासाठी जायचं तो चौखंबा त्या भिंतीमागेच होता, सात हजार एकशे अडतीस मीटर उंचीचा, आणि आम्हाला त्याचा एक कोपराही दिसला नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी तरुणपणी केदारची यात्रा पायी केलेली. त्या म्हणाल्या, "डोंगराकडे सकाळी जावं गं. दुपारी तो पांघरूण घेतो." ऊन चढलं की दरीतली ओलसर हवा तापून वर सरकते, वर गार झाली की तिचे ढग होतात आणि बारा-एकपर्यंत शिखरं झाकली जातात. पहाटे ही हालचाल सुरू झालेली नसते. वाराही पडलेला असतो, त्यामुळे पाणी आरशासारखं थांबलेलं असतं. चौखंबाचं प्रतिबिंब दिसतं ते अशा वेळी. म्हणून सगळी आखणी या एका सकाळीभोवती कर. आणि एक सकाळ ढगात गेली तर हातात दुसरी असावी, म्हणून सारीत दोन रात्री ठेव. पुढच्या खेपेला मी तसंच केलं. पहिल्या सकाळी काही दिसलं नाही. दुसऱ्या सकाळी जे दिसलं, त्यासाठी मी पुन्हा तीनदा गेले.

आता केव्हा जायचं ते. मे-जूनमध्ये मुलांना सुट्टी असते, पण तेव्हा चारधामची यात्रा जोरात असते. रुद्रप्रयागच्या पुढे कुंडपर्यंत आपला रस्ता आणि केदारनाथचा रस्ता एकच. त्या गर्दीत तासन्‌तास अडकायला होतं, खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि हवेत धूसरपणाही फार असतो. जुलै-ऑगस्टचं नावही काढू नकोस. पावसात तिथले डोंगर रस्त्यावर येतात, जंगलात जळवा असतात. मार्चअखेर ते एप्रिल चांगला. तेव्हा बुरांस फुलतो, वाटेवरची झाडं लालभडक होतात. त्या फुलांचं सरबत तिथे मिळतं, ते जरूर पी. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ असतं. तरुण पोरं जातात, पण दादाला बर्फावर चालवायचं नाही.

माझं मत विचारशील तर भाऊबीज झाली की निघा. पाऊस संपून महिना झालेला असतो, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असतं. केदारनाथाची कपाटं भाऊबीजेलाच बंद होतात आणि रस्ता एकदम मोकळा होतो. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, आणि ती दादासाठी फार मोठी आहे. कपाटं बंद झाली की केदारनाथाची डोली रामपूर, गुप्तकाशी असे मुक्काम करत ऊखीमठला येते आणि सहा महिने ओंकारेश्वर मंदिरात केदारनाथाची पूजा होते. मध्यमहेश्वराचंही हिवाळ्यातलं ठिकाण तेच. ऊखीमठ तुमच्या वाटेवरच लागतं. दादाला केदारनाथाचं दर्शन घ्यायचं होतं आणि डॉक्टरांनी तिथल्या चढाला नाही म्हटलं, हे त्याला किती लागलंय मला ठाऊक आहे. त्याला सांग, देव सहा महिने खाली येतो. गाडी जवळपास मंदिरापर्यंत जाते. सकाळी गर्दी नसते, गाभाऱ्यासमोर शांतपणे बसता येतं. उषा-अनिरुद्धाची गोष्टही त्याच गावाशी जोडलेली आहे. बाणासुराची मुलगी उषा, तिच्यावरून ऊखीमठ, असं तिथले लोक सांगतात. लेकीला ती गोष्ट तिथेच, मंदिराच्या अंगणात सांग.

प्रवासाचं असं कर. मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत. तुम्ही पुण्याहून निघणार, तर दिल्ली गाठून पुढे हरिद्वार सोयीचं. पहिली रात्र हरिद्वारला. गंगेची आरती बघा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघा. ऊखीमठ तिथून साधारण दोनशे किलोमीटर. आपल्या हिशेबाने चार तास वाटतात, पण डोंगरात आठ-नऊ लागतात. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, यात तडजोड नाही. नोव्हेंबरात तिथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि डोंगराआड तर त्याच्याही आधी. गाडी तिथलीच घे, ड्रायव्हर गढवालचाच हवा. दिल्लीहून आलेला चालक कितीही हुशार असला तरी घाटातल्या वळणावर कोणी कोणाला आधी जाऊ द्यायचं, हे त्याला अंगवळणी पडलेलं नसतं. ऋषिकेशहून पहाटे बस आणि वाटून घेण्याच्या जीपही सुटतात. तू एकटी असतीस तर मी तुला त्यातूनच जा म्हटलं असतं.

वहिनीला पुढच्या सीटवर बसव. गाडी लागण्याची गोळी निघायच्या अर्धा तास आधी द्यायची, ऋषिकेश सोडून वळणं सुरू झाल्यावर नाही. रिकाम्या पोटी नेऊ नकोस आणि छोले-पुरीही खाऊ देऊ नकोस. कोरडी पोळी, केळं, आलेपाक, एवढंच. फोनमध्ये डोकं घालू देऊ नकोस, लांबच्या डोंगराकडे बघत राहायचं. देवप्रयागला थांबा. अलकनंदा आणि भागीरथी तिथे मिळतात, दोन रंगांची पाणी वरच्या रस्त्यावरूनही ओळखू येतात. मग श्रीनगर, धारी देवी, रुद्रप्रयाग. रुद्रप्रयागला अलकनंदा सोडून मंदाकिनीच्या काठाने वर वळायचं.

बायकांच्या बाबतीत एक स्पष्ट सांगते, कारण हे पुरुष सांगत नाहीत. स्वच्छतागृहाच्या धास्तीने आपण प्रवासात पाणी पीत नाही. मग डोकं दुखतं, जळजळ सुरू होते आणि सगळे म्हणतात उंचीचा त्रास झाला. पाणी प्यायचं. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग या तिन्ही ठिकाणी बऱ्यापैकी हॉटेल बघून थांबायचं, चहा घ्यायचा आणि जाऊन यायचं. कागदी साबण आणि एक जुनी ओढणी जवळ ठेव, आडोशाला उपयोगी पडते. पाळीची तारीख मध्ये येत असेल तर वापरलेलं सगळं घट्ट बांधून परत खाली आणायचं. तिथल्या जंगलात कचरागाडी येत नाही.

उंचीची भीती दादाने घेतली आहे, असं तू म्हणालीस. त्याला आकडे सांग, आकड्यांनी तो शांत होतो. ऊखीमठ तेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्याइतकंच. सारी दोन हजारांच्या जवळ, कळसूबाईहून उंच, पण तिथे लोक शेती करतात, गाई पाळतात. तलाव २,४३८ मीटरवर. उंचीचा त्रास बहुधा अडीच हजारांच्या वर सुरू होतो. तुम्ही हरिद्वार, ऊखीमठ, सारी असे पायरीपायरीने वर जाणार, शरीराला सवय होत जाते. तरीही डोकं ठणकलं, मळमळलं, चालताना तोल जायला लागला तर पुढे ओढायचं नाही, खाली यायचं. कापराची पुरचुंडी वहिनी नक्की घेईल. घेऊ दे. पण तिच्यातून प्राणवायू मिळत नाही, नुसता वास मिळतो, एवढं तुझ्या लक्षात असू दे. दादाच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेव, एक पाकीट तुझ्याकडे. आणि निघायच्या आधी त्याच्या डॉक्टरांना एकदा विचारच.

सराव आजपासून. रोज पर्वती. पहिला आठवडा एकदा, मग दोनदा. दादाला चढण्याचा नव्हे, उतरण्याचा सराव जास्त लागेल. गुडघा चढताना कुरकुरतो, पण दुखावतो उतरताना. पायऱ्या तिरक्या उतरायला शिकव, काठी आधी खाली, मग पाऊल. बूट आत्ताच घ्या आणि पर्वतीवर घालून मळवा. नवे बूट घालून हिमालयात गेलेल्या माणसाच्या टाचा मी माझ्या हाताने बांधल्या आहेत. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, जाड मोजे बसतील. पायाच्या बोटांची नखं निघायच्या आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतारावर ती बुटाला घासून काळी पडतात.

कपडे फार नेऊ नका. एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा पातळ तीन थर चांगले. चढताना घाम येतो तेव्हा एक काढायचा, थांबलं की लगेच घालायचा. घामाने ओला झालेला सुती बनियन थंडीत अंगावर वाळवायचा नसतो, म्हणून एक कोरडा जवळच्या पिशवीत हवा. जीन्स नकोत, ओली झाली की वाळत नाही आणि गुडघ्यात आवळते. कानटोपी प्रत्येकाला. नोव्हेंबरच्या रात्री तिथे पारा शून्याकडे झुकतो. फोन आणि बॅटरी रात्री पांघरुणात घेऊन झोप, थंडीत त्यांचा जीव लवकर जातो. पैसे रोख ठेव, ते ऊखीमठ सोडायच्या आत काढ. सारीत मशीन शोधत बसू नकोस.

सारी हे गाव मला मनापासून आवडतं. ऊखीमठहून चोपत्याच्या रस्त्याने निघून आत वळायचं, तास लागत नाही. घरगुती खोल्या मिळतात, तिथेच राहा, तिथलंच खा. दादा म्हणेल, मला भाकरी लागते. त्याला मिळेल. मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी. गहतची डाळ म्हणजे कुळीथ. थंडीत तिथे तीच खातात, अंगात ऊब राहते म्हणून, अगदी कोकणासारखं. झंगोऱ्याची खीर करायला सांग, वहिनीला भगरीची आठवण येईल. वेफर आणि तयार नूडलची पाकिटं इथून ओझ्याने नेऊ नका. ते पैसे त्या घरातल्या बाईला मिळू देत. वयाने मोठ्या पुरुषाला तिथे 'भैजी' म्हणतात, बाईला 'दीदी'. तशी हाक मारलीस की बोलणं लगेच मोकळं होतं. वाट किती राहिली असं मात्र विचारू नकोस. "बस, पास में ही है" असंच उत्तर येतं, कारण त्यांच्या पायांना ते खरंच जवळ असतं.

तिथे पोचलात त्याच दुपारी तलावाकडे धावायचं नाही. गावातून फिरा, वाट कुठून सुरू होते ते बघून ठेवा, खच्चरवाल्याशी आधीच बोला. दादा नको-नको म्हणेल, तरी एक खच्चर सकाळसाठी ठरव. चढला नाही तर सामान जाईल. भाडं आदल्या दिवशी ठरवायचं, जाऊन-येऊन, थांबण्यासह, आणि मग घासाघीस करायची नाही.

पहाटे किती वाजता निघायचं, यावर लोक वाद घालतात. सूर्योदय वरच गाठायचा म्हणून काहीजण चारला निघतात. तुमच्यासाठी मला ते मान्य नाही. त्या जंगलात अस्वलं आहेत, बिबटे आहेत, आणि अंधारात दगडी वाटेवर दादाचा पाय मुरगळला तर तिथेच सगळं संपलं. उजाडू लागलं की निघा, सहाच्या सुमारास. चहा आणि दोन बिस्किटं पोटात. तरुणांना दीड तास लागतो, तुम्ही अडीच धरा. साडेआठला वर पोचाल, आणि नोव्हेंबरात तोपर्यंत हवा बहुतेक वेळा निवळ असते. वर तंबूत राहायची सोय कोणी देऊ केली तर आधी वनखात्याची परवानगी आहे का ते विचार. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या डोंगरी कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. तेव्हापासून नियम कडक झाले आहेत, आणि व्हायलाच हवे होते. काठावर तंबूंची दाटी झालेली मी पाहिली आहे. मला ती सहन झाली नाही.

चालताना पावलं लहान टाका. पहिली पंधरा मिनिटं लाज वाटेल इतकं हळू चाला, दम त्याच पंधरा मिनिटांत बिघडतो. बोलता-बोलता चालता येईल तोच आपला वेग. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं, पण बसायचं नाही, काठीवर रेलून उभं राहायचं. तुझी लेक पुढे पळेल, तिला दादाची काठी धरायचं काम दे. वाटेत महादेवाचं मंदिर लागतं, तिथे टेका. खाली सारीची पायऱ्या-पायऱ्यांची शेतं दिसतात. वर गेलं की बांजाचं जंगल. बांज म्हणजे तिथला ओक. त्याच्या पानांच्या कुजलेल्या थरात पाणी मुरतं आणि झऱ्यांना वर्षभर पुरतं, म्हणून पहाडी बाया त्या झाडाला जपतात. वनखात्याचं प्रवेशशुल्क असतं, ते भर आणि पावती जपून ठेव.

मग शेवटचा चढ संपतो, जमीन सपाट होते आणि तलाव समोर येतो. लहान आहे, सावकाश फेरी मारली तरी अर्धा तास पुरतो. आधी आकाराकडे बघून कोणी नाराज झालं तर होऊ दे. पलीकडच्या काठाला जा, पाणी तुमच्या आणि चौखंबाच्या मध्ये येईल अशा जागी बसा आणि अर्धा तास कोणी बोलू नका. लेकीलाही हे आधीच सांगून ठेव. शिखर वर उभं असतं तसंच पाण्यात उलटं दिसतं. वारा सुटला की पाण्यातला डोंगर मोडतो. म्हणून फोटो नंतर काढा, आधी बघा.

तिथले लोक म्हणतात, देव या तलावात स्नानाला येत, म्हणून देवरिया. यक्षाने पांडवांना अडवलं ते तळं हेच, अशीही श्रद्धा आहे. तहानेच्या घाईत चौघं भाऊ पाण्याला भिडले आणि पडले, थांबून उत्तरं दिली ती एकट्या युधिष्ठिराने. वनपर्वातली ही गोष्ट सासूबाई मला रात्री सांगायच्या. जन्माष्टमीला तिथे जत्रा भरते. तेव्हा हे पाणी देवाचं आहे हे धरूनच वागायचं. पाय बुडवायचे नाहीत, साबण नाही, नाणी टाकायची नाहीत, निर्माल्य नाही. हळद-कुंकवाची पुडी वहिनी पाण्यात सोडायला जाईल, तिला हळूच अडव. हात जोडले की पूजा झाली. मोठ्याने गाणी लावणारं कोणी भेटलं तर नम्रपणे सांगायचं. आपल्या पिशवीत आपला कचरा, आणि दुसऱ्याचे दोन कागद, असं लेकीला शिकव.

पहिल्याच सकाळी सगळं दिसलं तर दुसरा दिवस मोकळा राहतो. त्या दिवशी चोपता-तुंगनाथचा मोह होईल. तुंगनाथचं मंदिर ३,६८० मीटरवर आहे. तू आणि जावईबापू जा, दादाला नेऊ नका. आणि कपाटं तोवर बंद झाली नाहीत ना, हे ऊखीमठलाच विचारून घ्या. नाहीतर दुसऱ्या सकाळीही तलावावरच जा. मी तेच करते. उतरताना मात्र घाई नको, दुपारी बाराच्या आत खाली, गरम जेवण, आणि दादाच्या गुडघ्यांना कोमट पाण्याचा शेक. त्या रात्री ऊखीमठला मुक्काम आणि परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी उजाडता.

परतीचं तिकीट काढताना एक दिवस जास्त धर. दरड कोसळली की रस्ता काही तास, कधी दिवसभर बंद राहतो. गाडी चुकेल म्हणून चालकाला घाई करायला लावणं, हे मला त्या रस्त्यावरचं सगळ्यात मोठं पाप वाटतं. तो जादा दिवस वाया गेलाच तर ऋषिकेशला गंगेच्या काठी बसा.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं आहे. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी निघायचं म्हटलं तर ते बरोबर गणेश चतुर्थीच्या सुमारास उघडतं. त्या दिवसांत घरात गडबड असते आणि तिकीट हमखास राहून जातं. पंचांग आणि दिनदर्शिका काढून तारीख आजच मोजून ठेव, आणि त्या सकाळी आठच्या ठोक्याला तिकिटाला बस. मोदक वहिनी करेल.